नापास केलेली गाडी

बेळगावात एका बस डेपोत मी मेकॅनिक आहे. प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजायचं काम माझ्याकडं. आकडा जास्त आला की गाडी रस्त्यावर सोडायची नाही, असा नियम. आम्ही तो बरीच वर्षं सैलच पाळला. मग शहरात इलेक्ट्रिक गाड्या आल्या, झेंडूच्या माळा घालून टिळकवाडीतून फिरवल्या, आणि वरून ताकीद आली की काळा धूर सोडणारी एकही गाडी आता चालणार नाही. मला ते पटलं होतं. माझी स्वतःची छाती त्या धुरानं भरलेली.

खानापूरकडच्या एका गावाची मुक्कामाची गाडी सगळ्यात वाईट. चढाला लागली की मागचा रस्ता दिसायचा नाही. तिच्या कागदावर मी 'नापास' लिहिलं.

त्याच गावात माझी थोरली बहीण राहायची. आक्काच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला ती याच गाडीनं सकाळी बेळगावात यायची. सही करताना हे मला ठाऊक होतं. पण दुसरी गाडी लगेच देतो, असं साहेबांनी कानडीत सांगितलं होतं.

दुसरी आली नाही. नव्या गाड्यांचं चार्जिंग शहरात, आणि चालू डिझेल गाड्या आधीच कमी. फेरी 'तात्पुरती' बंद झाली. आक्का तीन किलोमीटर चालत हमरस्त्याच्या फाट्यावर येऊ लागली.

एकदा तिला स्टँडवर उतरवून घेतलं आणि बाकावर बसवून सांगून टाकलं, "आक्का, तुमची गाडी मीच बंद केली."

ती सुजलेल्या पायावर अंगठा दाबून बघत होती. खळगा पडायचा तो भरतच नव्हता.

"धूर लई व्हता रं तिचा," ती म्हणाली. "मागं बसलेली बाया-पोरं खोकून बेजार व्हायची."

"पावसाचे चार महिने इथंच माझ्या घरी, अनगोळला ऱ्हा."

"आणि तुझ्या दाजींना कोण भरवणार?"

दाजी अंगावरून वारं गेल्यापासून अंथरुणाला खिळलेले. त्यांनाही आण, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. आमच्या दोन खोल्या डोळ्यांपुढं आल्या.

पावसात रस्ता चिखलाचा झाला. डायलिसिस दोनदाचं एकदावर आलं. फोनवर ती "बरी हाय" म्हणायची आणि मी ते मान्य करायचो. एका गुरुवारी ती फाट्याच्या अलीकडं रस्त्याकडेला पडलेली सापडली. लोकांनी दुधाच्या टेम्पोतून दवाखान्यात आणली. मी पोचलो तेव्हा तिच्या छातीत पाणी भरलं होतं. मला ओळखलं, पण बोलता आलं नाही. दुपारी गेली.

बाराव्याला गावातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुम्ही डेपोतलं न्हवं? आमची गाडी कवा सुरू व्हनार?"

"अर्ज दिलाय," मी म्हणालो. दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि गाडी शिल्लक नाही म्हणाले. खोटं नव्हतं ते.

दाजींना मी अनगोळला आणलं. दोन खोल्यांत ते मावले.

पुढच्या तपासणीत आणखी दोन गाड्यांचे आकडे जास्त आले. त्या कुठल्या गावांना जातात, ते मी आधी विचारलं. फॉर्मवर गावासाठी रकाना नाही. दोन्ही नावं कडेला लिहिली आणि खाली 'नापास' लिहून सही केली.