मागच्या डाव्या चाकातली खंडेनवमी

अजमानमधल्या आमच्या इमारतीत तळघरातल्या पार्किंगकडे जाणारा एक सिमेंटचा उतार होता. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी मी बारावीत होते, आणि घरात त्या उताराचा उल्लेख आईच्या सासरच्या एखाद्या खाष्ट माणसासारखा होई: जपून आणि हळू आवाजात. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत आई पुन्हा पुन्हा नापास झाली होती, ती चढावरच. चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा आणि जराही मागे न घसरता पुढे न्यायची, एवढीच अपेक्षा असे. आईची गाडी मागे येई आणि शेजारचा परीक्षक खिडकीबाहेर बघत म्हणे, "खलास, मॅडम."

शेवटी लायसन्स मिळाले. बाबांनी एका सहकाऱ्याची जुनी, छोटी जपानी गाडी घेतली आणि ती आईच्या स्वाधीन केली. बाबा दुबईतल्या देरा भागात एका शिपिंग कंपनीत हिशेबनीस होते. त्यांना न्यायला पहाटे ऑफिसची व्हॅन येई, त्यामुळे गाडी खऱ्या अर्थाने आईचीच होती. पुढे तिला शारजातल्या एका बालवाडीत नोकरी मिळाली. तिथली एक शिक्षिका बाळंतपणासाठी सुट्टीवर गेली होती आणि आईला शनिवारी रुजू व्हायचे होते. त्या शनिवारी दसरा होता. आई मुंबईतली नोकरी सोडून इकडे आली, त्यानंतर तिने प्रथमच स्वतःसाठी एक पर्स विकत घेतली.

बुधवारी संध्याकाळी मला मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. ब्रेक ऑइलची डबीही बरीच रिकामी झाली होती. निदान अवघड नव्हते. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रमच्या आत बोटभर लांबीचा एक सिलिंडर असतो. पेडल दाबले की त्यातले दोन पिस्टन बाहेर सरकतात आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. त्या सिलिंडरमधले रबर गेले होते. पास्कलचा नियम मी नुकताच पाठ केला होता. तो आमच्या घरात शिरल्याचा मला थोडा अभिमानच वाटला.

बाबांना तसे काही वाटले नाही. गॅरेजवाल्याने रविवारशिवाय जमणार नाही असे सांगितले होते.

"मी करते," मी म्हणाले. "इट्स ओन्ली टू बोल्ट्स अँड अ पाइप, बाबा."

"ब्रेक आहे तो. शाळेचा प्रोजेक्ट नाही."

"मॅन्युअल आहे माझ्याकडे."

बाबा आईकडे वळले. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गाडी त्या उतारावर हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे. नाही राहिली, तर तू शाळेत फोन करून सांग, जमणार नाही म्हणून. ते काही तुझ्यासाठी थांबणार नाहीत, पण निदान आपण रात्री झोपू."

आई म्हणाली, "बरं." वाद संपल्यावर ती जसे बरं म्हणते तसे नव्हे, सुरू होताना म्हणते तसे.

गुरुवारी आम्ही दोघी टॅक्सीने शारजाच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन नवा सिलिंडर आणि ब्रेक शूंचा संच घेऊन आलो. ब्रेक ऑइलने भिजलेले शू पुन्हा वापरू नयेत, हे मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत छापले होते. मी सगळे सामान हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडले, कामाच्या क्रमाने, आणि झोपायला गेले.

सकाळी उठले तर वर्तमानपत्र रिकामे होते. खंडेनवमी होती. देवघर म्हणजे आमच्या किचनमधले एक कपाट. त्याच्यासमोर पाट मांडून आईने नट खोलायचे पाने, पक्कड, जॅकचा दांडा, तिची सुरी, किसणी आणि शिवणकामाची कात्री पूजेला ठेवली होती. सगळ्यांवर हळदकुंकू, अक्षता आणि बाल्कनीतल्या कुंडीतली फुले होती. मधोमध, मानाच्या जागी, माझा सिलिंडर आणि ब्रेक शू.

"आई, मला हे आत्ता लागणार आहे."

"पूजेला ठेवलेली हत्यारं आज उचलत नाहीत. तुला माहीत आहे."

"मग गाडी कशी होणार?"

किचनच्या दारातून बाबा म्हणाले, "देवीचाही निर्णय माझ्यासारखाच दिसतोय."

आईने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला, पुन्हा अक्षता वाहिल्या, पाट वीतभर उत्तरेला सरकवला आणि हात जोडले. "झाली उत्तरपूजा. उचल." मग बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाली, "देवीला घाई कळते. बायकांनाच कळते."

खाली पार्किंगमध्ये मी गाडी जॅकवर घेतली, आधारासाठी स्टँड लावले, चाक काढले. ड्रम निघायला तयार नव्हता. लाकडी हातोडीने कडेने ठोकत राहिल्यावर तो एकदाचा सुटला आणि आतून काळा चिखल खाली पडला. स्प्रिंगांच्या जागा मी कागदावर काढून ठेवल्या. जुना सिलिंडर सोडवून नवा बसवला, पाइपचा नट आधी नुसत्या बोटांनी फिरवला, म्हणजे आटे चुकत नाहीत. दोन्ही मागच्या चाकांना नवे शू बसवले. माझ्या हाताला खोबरेल तेलाचा वास येत होता, पण पूजेतल्या सगळ्याच हत्यारांना तो येत होता.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी चाकापाशी, जॅमच्या बाटलीत पारदर्शक नळी सोडून.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव." मी स्क्रू सैल केला, नळीतून बुडबुडे आले. स्क्रू घट्ट केला. "सोड."

"सोडलं. अजून आहे का गं हवा?"

"आहे. दाब."

असे बराच वेळ चालले. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझे हात दिसत नव्हते. एरवी आमच्यात मराठीत प्रश्न आणि इंग्रजीत उत्तर अशी वाटणी असे. त्या दुपारी दोन्ही बाजूंनी फक्त मराठी होती, आणि तीही एकेका शब्दाची. बुडबुडे संपले. पेडल कडक झाले. आई म्हणाली, "आता पायाला काहीतरी लागतंय. आधी नुसतं दहीभातावर पाय ठेवल्यासारखं होतं." इतके नेमके वर्णन मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचले नाही.

बाबा खाली आले. आईने गाडी उतारावर घेतली, हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला आणि पेडलवरून पाय उचलला.

गाडी क्षणभर थांबली. मग संथपणे मागे येऊ लागली.

आईने पेडल दाबून ती थांबवली आणि मागे नेऊन सपाट जागेवर उभी केली. स्टिअरिंगवर ठेवलेल्या तिच्या हातांकडे पाहताना मला कळले, की तिने मनातल्या मनात शाळेला फोन केला होता.

मी मोठ्याने विचार करू लागले. त्या वयातली माझी ही एकच सवय मला अजून आवडते. पेडल कडक आहे, म्हणजे आत हवा नाही. हँडब्रेक तारेने ओढला जातो, त्याचा ऑइलशी संबंध नाही. तार ताणलेली आहे. मग दोष उरतो तो एकाच ठिकाणी: शू आणि ड्रम यांच्या मध्ये, घर्षणात.

मी ड्रम पुन्हा काढला. आतून गरम झालेल्या खोबरेल तेलाचा वास आला. रविवारी सकाळी न्हाण्याआधी आजोळी यायचा, तसा. शूच्या कडेला हळदीचे पुसट बोट उमटलेले होते.

"आई, तू यांना तेल लावलंस?"

"सगळ्यांनाच लावलं. नवमीला लोखंडाला तेलाचं बोट लावायचं असतं. गंज धरत नाही." ती खाली उतरून जवळ आली. "हे जरा जास्तच कोरडं दिसत होतं, म्हणून याला नीट चोळून लावलं."

"कोरडंच असायला हवं, आई. त्याचं कामच ते आहे."

ती त्या पिवळ्या बोटाकडे पाहत राहिली. "म्हणजे मीच," ती म्हणाली, आणि ते अंगठ्याने पुसू लागली.

मी कानशीने घासून पाहू का, असा विचार करत होते. पण मॅन्युअलने तेही नाकारले होते. नवे शूच हवे होते. बाबांची अट स्पष्ट होती आणि आम्ही ती पुरी करू शकलो नव्हतो. त्यांनी घड्याळ पाहिले. शुक्रवारच्या नमाजानंतर बाजार पुन्हा उघडायची ती वेळ होती. त्यांनी माझ्या हातातला एक तेलकट शू घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घरातल्या चपलांवरच रस्त्याकडे चालू लागले.

"अहो, कुठे?"

"टॅक्सी बघतो."

ते परत आले तेव्हा ऊन कलले होते. मी दोन्ही ड्रम स्पिरिटने पुसून ठेवले होते, हात साबणाने धुतले होते. बाबांनी खोके माझ्या हातात दिले, आईच्या नाही.

"दुकानदाराने विचारलं, 'भाईसाब, इसमें तेल किसने डाला?' मी म्हटलं, घर की देवी ने."

"आणि तो काय म्हणाला?" आईने विचारले.

"म्हणाला, मग दुसरा सेटही घेऊन जा. देवी पुन्हा प्रसन्न झाली तर." आईला हसू आवरेना. "नाही घेतला. पण याची पूजा नको, एवढी विनंती."

मी नवे शू बसवले आणि दिवे लागताना आई पुन्हा उतारावर गेली. बाबा गाडीच्या मागे उभे राहिले, डिकीवर हात ठेवून, जणू ती घसरलीच तर ते अडवणार होते. ही त्यांची भीती होती, एवढे मला तेव्हा दिसले. ती अटीच्या रूपात का आली, हे समजायला मला स्वतः नोकरीला लागावे लागले.

"अहो, बाजूला व्हा."

"तू ओढ ब्रेक."

"तुम्ही आधी बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. आईने हँडब्रेक ओढला, पेडल सोडले. गाडी उभी राहिली. बाबांनी डिकीला खांदा लावून ढकलून पाहिले. ती हलली नाही. आईने गिअर टाकला, हँडब्रेक सोडला आणि जराही मागे न येता वर निघून गेली. वर पोहोचल्यावर तिने हॉर्न वाजवला, जो तिने एरवी कधीच वाजवला नसता.

आज मी घर्षणाचे मोजमाप करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. तेल लागलेल्या नमुन्यांची चाचणी असली की आम्ही यंत्रातले तेल वापरतो. खोबरेल तेल कोणत्याही मानकात बसत नाही. तरी डब्याचे झाकण उघडताना मी दर वेळी वास घेते.

त्या शनिवारी, दसऱ्याच्या सकाळी, आईने माझ्या हातावर दही ठेवले, स्वतःच्याही. माझी शाळाही शारजातच होती. मी तिच्या शेजारी बसले. अमिराती दोन वेगळ्या, पण अजमान कुठे संपते आणि शारजा कुठे सुरू होते, हे नवख्याला कळत नाही. रस्ता तोच, दुकानेही तशीच, मध्ये एक पाटी. पाटी मागे गेली आणि पुढे सिग्नल लाल झाला. आईने गाडी थांबवली. रस्ता पूर्ण सपाट होता, तरी तिने हँडब्रेक ओढला.

"झालं आमचं सीमोल्लंघन," ती म्हणाली, आणि दिवा हिरवा होईपर्यंत तिने त्यावरचा हात काढला नाही.