पाणमांजराचं शेवटचं पान

बालवाचनालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलापाशी डिंकमावशी गेली एकतीस वर्षं फाटकी पुस्तकं सांधत बसली होती. हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण तिची बोटं कायम डिंकाने माखलेली असत.

कुठलं मूल कुठलं पान कसं फाडतं, याचा तिच्याइतका अभ्यास कोणाचाच नसेल. वाघाचं पान घाबरून फाटतं, माकडाचं भांडणात. हत्तीची सोंड जो तो बोटाने गिरवतो, त्यामुळे तिथे कागद झिजून भोक पडतं. घुबडाच्या वाटेला कोणी जात नाही; ते बिचारं दहा वर्षांनीही कोरं करकरीत. जंगलातले एवढे बलाढ्य प्राणी, पण चार वर्षांच्या पोरापुढे एकाचाही टिकाव लागत नाही, असं ती हसून म्हणायची. गेलेला कान, अर्धं शेपूट ती रंगाने पुन्हा काढून द्यायची. जोड शोधूनही सापडायचा नाही.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी तिच्यापुढे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती ठेवल्या. नदीकाठच्या पाणमांजराची आणि त्याच्या पिल्लाची गोष्ट. एक वाचनालयाची जुनी प्रत, दुसरी कोणीतरी घर आवरताना भेट दिलेली, जवळजवळ नवी. बाई वयाने लहान, मनाने चांगल्या, पण कपाटात जागा करायचा त्यांना भारी सोस. दोन प्रती ठेवायला जागा नाही, जुनीचं शेवटचं पान तसंही मावशींनी हाताने काढलेलं आहे, तेव्हा ती रद्द करू, असं सांगून त्या गेल्या.

मावशीने जुनी प्रत जवळ ओढली. ते पान तिने काढलं होतं हे खरं. पण कसं काढायचं ते तिच्या लेकीने सांगितलं होतं, आणि ती लेक जाऊन आता सव्वीस वर्षं झाली होती.

लेकीला सगळे खारू म्हणत. शाळा सुटली की ती आईच्या टेबलाखाली बसायची आणि काहीबाही कुरतडत पुस्तकं वाचायची. बघता बघता तिने आईचं निम्मं काम उचललं. ओल्या दोऱ्याची युक्तीसुद्धा. एखादं पान न फाडता सोडवायचं असेल, तर भिजवलेला दोरा शिवणीलगत ठेवून पुस्तक मिटायचं आणि वर वजन ठेवायचं. थोड्या वेळाने कागद मऊ पडतो, पान अलगद हातात येतं आणि आत उरलेल्या कडेला कागदाची बारीकशी लव राहते. ही युक्ती मावशीने दुसऱ्या कोणालाच शिकवली नव्हती.

आठव्या वर्षी खारूच्या रक्तात दुखणं निघालं. डॉक्टरांनी आईवडिलांना बाहेर बोलावून सांगितलं, फार तर सहा महिने. पोरीला काही कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं आणि मावशीने ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. रडू आलं की न्हाणीघरात नळ सोडून रडायची. बाहेर येऊन हसऱ्या तोंडाने विचारायची, पुढच्या वर्षी दप्तर कुठल्या रंगाचं घेऊ या? खारू म्हणायची, हिरवं.

शाळा तर बंदच झाली होती. खारू दिवसभर टेबलाजवळच्या चटईवर पडून असायची. नवी पुस्तकं आली की आधी तीच वाचायची. एके दिवशी पाणमांजराचं पुस्तक पुढे करत म्हणाली, याला शेवटचं पानच नाही. मावशीने पाहिलं, कड कशी साफ सुटलेली. तिने छापखान्याच्या बांधणीला चार शब्द सुनावले आणि कागद, रंग घेऊन बसली. काय काढू, असं तिने लेकीलाच विचारलं. खारूने सांगितलं, दोघं घरी येतात. पिल्लू आईच्या कुशीत.

"आईचे डोळे मिटलेले काढ," ती म्हणाली.

"आणि पिल्लाचे?"

"उघडे. आई दमलीय, तिला झोपू दे."

त्यानंतर दीड महिन्याने खारू गेली. मावशीने त्या पुस्तकाची दुसरी प्रत कधी शोधली नाही. गोष्ट कशी संपते ते तिला लेकीने सांगितलं होतं.

आज तिने नवी प्रत उघडली आणि शेवटच्या पानावर आली. पूर ओसरलेला. पाणमांजर काठावर एकटंच. खाली छापलं होतं, 'पिल्लू परत आलं नाही. आई रोज त्या वळणावर यायची.'

मावशीने नवी प्रत बाजूला ठेवली. मग तिने जुनी प्रत घेतली आणि आपण चिकटवलेल्या पानाखालची कड नखाने उचलून पाहिली. कडेला बारीक लव होती. मध्ये एका जागी दोरा थोडा सरकलेला, छोट्या हाताने ठेवल्यासारखा. आख्ख्या गावाच्या पोरांचं फाडकाम ओळखणारी ती, आणि स्वतःच्या पोरीचं काम तिला ओळखता आलं नव्हतं.

म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं. पोरीला काही कळू दिलं नाही, एवढ्या एका समाधानावर मावशीने सव्वीस वर्षं काढली होती. आणि तिकडे आठ वर्षांची पोर सगळं पोटात ठेवून हिरव्या दप्तराच्या गोष्टी करत होती, आईला ते पान दिसू नये म्हणून दोरा भिजवत होती. दोघींपैकी एक जरी बोलली असती, तर गळ्यात गळा घालून रडता आलं असतं. पोर तरी एकटी पडली नसती. मावशीने या वेळी नळ सोडला नाही. तिथेच टेबलावर डोकं ठेवून ती रडली.

संध्याकाळी ग्रंथपालबाई आल्या. मावशींचे डोळे पाहून त्या वरमल्या, हवी तर जुनीच ठेवू म्हणाल्या. नव्या प्रतीचं शेवटचं पान पाहून त्यांनाही ते मुलांना सोसेल की नाही, असं वाटत होतं.

"नवीच ठेवा," मावशी म्हणाली. "मुलांना कळत असतं, बाई. आपणच समजतो, कळत नाही."

बाईंनी जुन्या प्रतीवर रद्दचा शिक्का मारून ती मावशीच्या हातात दिली. खोलीत कोणी उरलं नाही तेव्हा मावशीने रंगाची पेटी उघडली. आजवर न फाटलेल्या पानाला तिने कधी ब्रश लावला नव्हता. तिने सगळ्यांत बारीक ब्रश घेतला आणि चित्रातल्या आईचे मिटलेले डोळे उघडे काढले, पिल्लाकडे बघणारे.