न पडलेला कौल

भीतीच्या वेळी देव तुमच्याशी कधी बोलला आहे का? खरं सांगा. माझ्याशी तो बोललेला नाही. गाव सोडताना नाही, आणि गेल्या वर्षी दवाखान्यातही नाही.

आमचं गाव सीमाभागात, गुंजीच्या पलीकडं. घरचं माणूस दूर निघालं की आमच्याकडं ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. मी निघाले त्या सकाळी एकही पाकळी हलली नाही. गुरवकाकांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या तशाच. तिकडं गाडीची वेळ होत आलेली.

"देवीला बी पटंना झालंय," काकू म्हणाली. "जलमभर ह्येंनी बेंगळुरूच्या नावानं पत्रकं काढली, आन् आता पोरगी तिकडंच धाडाय निघाल्यात."

पत्रकं काढणारे ते माझे आप्पा. सीमाभागाचा प्रश्न मांडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. खडेबाजारातल्या छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे घरी यायचे, मी त्यांवरच अक्षरं गिरवली. जो गप्प बसतो तो अन्यायात सामील असतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. म्हणून गाभाऱ्यातली ती शांतता मला सोसवेना. होय म्हण, नाही म्हण, पण काहीतरी बोल की.

"कौल न्हाय पडला. नगं जाऊ दे तिला," आई म्हणाली.

"देवी गप हाय म्हंजे न्हाईच हाय, असं कुठं असतंय?" आप्पा म्हणाले. "बसलीय नव्हं आपल्यासंगं? बसू दे. चल गं, गाडी यील."

मला वाटलं, आप्पांनी पळवाट काढली. गाडीत तोच राग घेऊन बसले.

बेंगळुरूत पीजीची खोली मिळाली, गळ्यात कंपनीचं कार्ड आलं, तोंडात कन्नड बसलं. गावी मी ज्या भाषेच्या सक्तीविरुद्ध ओरडत होते, त्याच भाषेत इथं मला दूधवाली 'ऊट आयता' म्हणून जेवणाची चौकशी करते. सक्तीवरचा राग अजून आहे. माणसांवर राग धरता आला नाही.

मग छातीत गाठ लागली. रिपोर्टच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर एकटीच बसले होते. गावच्या ग्रुपवर कळलं होतं; मोबाइलवर श्लोक, हात जोडलेली चित्रं, 'बी पॉझिटिव्ह' येत होतं. मेसेजागणिक मी आणखी एकटी पडत होते. देवाला म्हटलं, आता तरी कौल दे. काही नाही. नुसता पंखा फिरत होता.

आप्पांना फोन लावला. ते शेतात होते.

"आप्पा, मला लई भ्या वाटाय लागलंय."

ज्यांनी सभा गाजवल्या ते एवढंच म्हणाले, "थांब. बसतो." बांधावर बसल्याचा आवाज आला. वारा, लांबवर कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यातली घंटा, आणि आप्पांचा श्वास.

"बोला की."

"काय बोलू गं? बसलोय मी."

माझं नाव पुकारलं जाईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. भीती गेली नाही. पण त्या बाकावर मी एकटी नव्हते, आणि आम्ही दोघंच होतो असंही वाटत नव्हतं. देवळातल्या त्या सकाळची शांतता तिथं होती. मी ती ओळखली.

गाठ साधी निघाली नाही. केमो चालू आहे, केस गेलेत, पुढचं डॉक्टरही ठाम सांगत नाहीत. माझ्या पाकळ्या अजून तशाच चिकटून आहेत. अन्यायासमोर गप्प बसू नये, हे मी आजही मानते आणि लिहीत राहीन. पण दुःखाशेजारचं गप्प बसणं वेगळं, हे आप्पांच्या एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं. ते त्यांनी बांधावर बसून शिकवलं. आता घर म्हटलं की मला छपराची कौलं, परस, तुळस आठवत नाही. तो बांध आठवतो, आणि न तोडलेला फोन.

म्हणून गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांना एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत आज कुणीतरी घाबरलेलं आहे. कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याला श्लोक पाठवू नका, धीराची वाक्यं पाठवू नका. फोन लावा. 'बसलोय' एवढंच म्हणा, आणि समोरचा ठेवेपर्यंत तुम्ही ठेवू नका.