चंद्रकोरी दाढा

आमच्या शेजारचे प्राध्यापक दर रविवारी मटणाबरोबर बोकडाचा जबडाही मागून घेतात. "मास्तर, ह्याचा रस्सा करताय व्हय?" खाटीक दर वेळी विचारतो. "न्हाय, शिकवायला हाय," ते सांगतात. बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, समोर कोणी लिहून घेत असल्यासारखे.

ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, तासिकेवर. नेमणूक दर वर्षी नव्याने होते. यंदा कायमची जागा निघाली आणि ती त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला मिळाली. विभागही आता त्याच्याकडेच आहे.

परवा मी त्यांच्या कट्ट्यावर बसलो असताना तो आला. "उद्या वर्गात सेलेनोडोंट घ्यायचंय. जरा सांगताय?"

त्यांनी उकळून साफ केलेला जबडा आणला आणि त्याचे बोट धरून दाढांवरून फिरवले. "चंद्रकोरी लागल्या? चारा दळायला असतात. अशा दाढांना सेलेनोडोंट म्हणायचं." त्याने मान डोलावली आणि जबडा पिशवीत घातला.

ते त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले.

"सर," ते त्याला म्हणाले, "पुढच्या वर्षी माझे तास तेवढे ठेवा की."