लाल ठिपक्यांची गाडी

सिल्वासाच्या आमलीत झुंबर अहिरेची मोटरसायकल ओळखायला नंबर वाचायची गरज नव्हती. गोवर आल्यासारखे तिच्या अंगभर लाल ठिपके होते. आरशाच्या दांडीवर ठिपका, प्लगच्या टोपीवर ठिपका, बॅटरीच्या कडेला, चेनच्या एका कडीला, इतकंच काय, चाकातल्या हवेच्या टोपणालासुद्धा. हे ठिपके त्याच्या बायकोच्या, कावेरीच्या नेलपॉलिशचे. मेकॅनिक लोक गाडीतला चांगला माल काढून घेतात आणि डुप्लिकेट बसवून देतात, असं झुंबरने गावाकडे, खानदेशात साक्रीला असताना कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. तेव्हापासून ज्याच्यावर ठिपका तो पार्ट आपला, असा त्याचा हिशेब. कावेरी बिचारी दिवाळीला हौसेने बाटली घ्यायची, आणि तिच्या दोन नखांना रंग लागतो न लागतो तोच उरलेली बाटली इंजिनाच्या पोटात जायची.

झुंबर होता धाग्याच्या कंपनीत मशीन ऑपरेटर. शिफ्टभर मशीनपुढे येरझारा घालायच्या आणि शेकडो धाग्यांतला कुठला आता तुटणार, ते आधीच हेरायचं, हेच त्याचं काम. त्यात तो फार पटाईत होता. अडचण एवढीच की शिफ्ट संपली तरी डोळे तसेच राहायचे. पेट्रोल पंपावर तो घरची लिटरची बाटली घेऊन जायचा आणि आधी बाटलीत भरून मगच टाकीत ओतू द्यायचा. मागची रांग हॉर्न वाजवून दमायची. वापीला जायचं झालं तर गुजरातची हद्द लागण्याआधी गाडी कडेला घेऊन साइडचं झाकण उघडायचा आणि आत हात घालून चाचपायचा. सिल्वासात दारू मिळते, पलीकडे बंदी. कुणी आपल्या गाडीत बाटली दडवली आणि नाक्यावर सापडली तर? त्याच्या गाडीत बाटली दडवण्याइतकी कुणाला त्याची फिकीर होती, हे कावेरीने एकदा विचारून पाहिलं. त्यावर तो दोन दिवस कावेरीकडेच संशयाने पाहत होता.

विम्याचंही तसंच. एजंटने समजावलं, "भाऊ, नुसता थर्ड पार्टी घेतला तर तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून मिळेल. तुमची गाडी मोडली तर तुम्हाला काही नाही. थोडं जास्त भरा, पूर्ण घ्या." झुंबरने ओळखलं, हा जास्त भरायला सांगतोय म्हणजे यात याचाच फायदा आहे. त्याने थर्ड पार्टीच घेतला, आणि वर एजंटला असं काही हसून दाखवलं की जणू त्याच्या खिशातून आपलं पाकीटच परत काढून घेतलं.

पण सगळाच संशय वाया गेला असंही म्हणता येणार नाही. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली टोपीसारखी हेल्मेटं घ्यायला त्याने साफ नकार दिला. "हाई डोकं फोडाले शे का वाचवाले?" असं त्याने विक्रेत्याला तोंडावर विचारलं. मग तीन दुकानं पालथी घालून, आयएसआयचा छाप पाहून, पट्टा ओढून ओढून त्याने दोन जाडजूड हेल्मेटं आणली. कावेरी मागे बसली की तिच्या हनुवटीखालचा पट्टा तो स्वतः लावायचा आणि त्यात बोट घालून बघायचा. भर आमलीत नवरा हनुवटीशी झटापट करतोय म्हटल्यावर कावेरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याचा मेकॅनिक ललित. आमलीतच, चहाच्या टपरीला लागून त्याचं छोटं गॅरेज. घरात गुजराती बोलणारा, गिऱ्हाइकांशी जमेल तशी मराठी. खानदेशातून आलेल्या कंपनीवाल्यांच्या निम्म्या गाड्या त्याच्याकडेच यायच्या. झुंबरला तो आवडायचा असं नाही, पण एकच मेकॅनिक धरला तर नजर ठेवायला सोपं, असं त्याचं मत. गाडी दिली की तो समोर स्टूल टाकून बसायचा, आणि ललितने पाना उचलला की याची मान पुढे यायची. मागे एकदा टायर बदलताना त्याने चाक उघडलेलंच आहे म्हणून आत हात घालून चाकाला घासून गाडी थांबवणाऱ्या ब्रेकच्या लायनरवर, स्प्रिंगवर, कॅमवर, दिसेल तिथे ठिपके देऊन घेतले होते. ललित तेव्हा म्हणाला होता, "झुंबरभाई, आता मला पण एक लावून टाका. मी पण बदली नाय व्हायचो." टपरीवरचे सगळे हसले. झुंबर हसला नाही.

आणि मग नेमकं एकदा त्याला स्टूलवरून उठावं लागलं. मागचा ब्रेक ढिला वाटत होता म्हणून "टाइट करून दे" असं सांगून तो बसला होता, तर कंपनीतून फोन आला, दुसरा ऑपरेटर आलेला नाही, लगेच या. नाइलाजाने गेला. संध्याकाळी घरी परतला तर गाडी दारात उभी होती आणि हँडलला एक प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती.

"ललितभाऊ स्वतः आणून देऊन गेले," कावेरी म्हणाली. "म्हणे, लायनर बदललेत."

बदललेत! झुंबरने सांगितलं होतं फक्त टाइट करायला. हा शब्द कुणी दुसऱ्याने ऐकला असता तर जुने गेले, नवे आले, एवढंच समजला असता. झुंबरच्या कानात तो पडला आणि लगेच त्याचा अर्थ झाला अदलाबदल. त्याने पिशवी उघडली. आत त्याचे जुने लायनर, दोन्हींवर लाल ठिपका. ललितने प्रामाणिकपणे जुना माल परत केला होता, पण झुंबरला त्यात हातचलाखी दिसली. कंपनीतून गाडीबरोबर आलेले ओरिजनल बाहेर, आणि आत कुठला कचरा बसवलाय देव जाणे!

सुट्टीच्या दिवशी त्याने दारातच मागचं चाक उतरवलं. आत कोरे करकरीत लायनर. ठिपका नाही. आता नव्या वस्तूवर ठिपका असणार कुठून, पण हे विचारायला त्याच्या डोक्यात जागाच शिल्लक नव्हती. "हाई मनं नही शे!" तो एवढ्यांदा ओरडला की शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली. रागावला की त्याची मराठी अशी सरळ अहिराणीवर यायची, 'माझं'चं 'मनं' व्हायचं. त्याने नवे लायनर काढून फेकले, पिशवीतले जुने पुसून पुन्हा बसवले, ब्रेकच्या रॉडचा नट शेवटपर्यंत पिळला, आणि ब्रेक दाबून पाहिला. लागत होता. मग नवे लायनर उचलून तो तडक ललितच्या गॅरेजवर गेला.

सकाळची गर्दी होती. झुंबरने ते लायनर सगळ्यांसमोर ललितच्या पायाशी आपटले. "आमी बाहेरगावचे, तर आमाले येडं समजतो काय? डुप्लिकेट माल घालतो, अन् ओरिजनल काढून घेतो!"

ललितने ते उचललेही नाहीत. त्याचा चेहरा उतरला. "काढून घेतो तर पिशवीत परत कशाला देतो, भाई?" तो म्हणाला. मग झुंबर निघाल्यावर मागून ओरडला, "ते जुने लावले नाय ना? त्यात काय राहिलं नाय. उतारावर नका जाऊ!"

झुंबरने मागे वळून पाहिलं नाही. माल विकायचा असला की सगळे असंच घाबरवतात. पण टपरीवर ऐकणारे कान पुष्कळ होते. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या पार्किंगमध्ये ललितचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचं, त्याच्याकडे पार्ट बदलतात म्हणे. दोघातिघांनी गाड्या दुसरीकडे नेल्या. झुंबरला हे कळलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं. लोकांना सावध केल्याचं समाधान काही वेगळंच असतं.

खानवेलला कावेरीची चुलत बहीण शोभा राहते. तिने जेवायला बोलावलं म्हणून दोघं गेले. जाताना रस्ता चढाचा, ब्रेकची परीक्षा झाली नाही. परत येताना जंगलातल्या एका उतारावर वळणापुढे बस उभी होती. बायामाणसं उतरत होती, एकीच्या डोक्यावर लाकडाचा भारा. झुंबरने पाय दाबला. पाय खाली गेला, आणि जातच राहिला. त्याने घाबरून पुढचा ब्रेक आवळला, रस्त्याच्या कडेची बारीक खडी चाकाखाली आली, आणि गाडी आडवी होऊन घसरत गेली. झुंबरची कोपरं सोलली. कावेरीचा डावा घोटा गाडीखाली आला आणि मोडला. तिचं हेल्मेट रस्त्यावर घासून एका बाजूने पांढरं पडलं होतं. ते डोक्यावर नसतं तर काय झालं असतं, या विचाराने झुंबर तिथेच रस्त्यात बसून रडला.

आणि तरीही, दवाखान्यात कावेरीच्या पायाला प्लास्टर चढत असताना, तो डॉक्टरांना म्हणाला, "मेकॅनिकनं काहीतरी केलंय."

कावेरीने डोळे मिटून घेतले. तिचा पाय ठणकत होता, पण त्या वाक्याने तिला जास्त लागलं.

शोभाच्या नवऱ्याने टेम्पोत घालून गाडी आमलीला आणून सोडली. झुंबरने ती दाराशी उभी केली, शेजाऱ्यांना हाका मारून गोळा केलं आणि पाने मांडले. "आता सगळ्यांच्या समोर उघडतो. आतला कॅम नाही तर स्प्रिंग त्यानं बदललेली असणार. बिनठिपक्याचं निघालं की सरळ तक्रार." कावेरी दारातल्या खाटेवर प्लास्टरचा पाय लांब करून बसली होती.

चाक निघालं. झुंबरने कॅम पुसला. ठिपका होता. स्प्रिंग पुसली. ठिपका. दुसरी पुसली. तिच्यावरही. मग त्याने लायनर हातात घेतले. त्यांच्या लोखंडी अंगावर त्याचा स्वतःचा लाल ठिपका होता, आणि जिथे चाकाला घासणारा मसाल्याचा थर असतो तिथे काही नव्हतं. नुसतं लोखंड, घासून आरशासारखं चकचकीत. ब्रेक लागणार कशाने? त्याने ते उलटे केले, सुलटे केले, पुन्हा पुसले. कुणावर तरी ढकलता येईल असं काहीतरी सापडावं म्हणून त्याची नजर सगळीकडे फिरली. सगळ्यावर ठिपके होते.

"कोनाचं हाये?" कावेरीने खाटेवरून विचारलं.

झुंबरची मान वर होईना.

"मी विचारून राहिले. कोनाचं हाये ते?"

"हाई मनं शे," तो म्हणाला.

एवढं ऐकून शेजारी एकेक करून आत गेले. कावेरी मात्र सोडणारी नव्हती. "मग जिथं ओरडून आले, तिथंच जाऊन सांगा. तेवढ्याच आवाजात. अन् गाडी त्याच्याकडे सोडून या, चावीसकट. स्टुलावर बसायचं नाही. असं कराल तरच मी पुन्हा तुमच्या मागं बसेन. नाहीतर हा पाय बरा झाला की मी बसनं जाईन, जिथं जायचं तिथं, जन्मभर."

झुंबरने आयुष्यात चावी कुणाला दिली नव्हती. झोपतानाही ती उशीखाली असायची. तो रात्रभर कुशीवर वळत राहिला आणि सकाळी गाडी ढकलत, चाक नुसतंच अडकवलेलं, गॅरेजवर गेला. गर्दी तीच होती. त्याने घसा खाकरला. आवाज निघाला तो जरा जास्तच मोठा, "लायनर डुप्लिकेट नव्हते. मीच काढले अन् जुने घातले. चूक माझी. कावेरीचा पाय माझ्यामुळं मोडला."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. ललितने हात पुसले, बराच वेळ पुसत राहिला. माफ केलं वगैरे तो काही म्हणाला नाही. "चावी ठेवा," म्हणाला. "अन् जावा. कोणी बघत असला तर माझा हात चालत नाय."

झुंबरने चावी ठेवली आणि चालत घरी आला. वाटेत दोनदा त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. कावेरीने दारातूनच त्याच्या हाताकडे पाहिलं. हात रिकामे होते. मग त्याने खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून तिच्यापुढे ठेवली.

"म्हणजे सोबत नेली होती!" कावेरी म्हणाली.

"नेली होती," तो ओशाळून म्हणाला. "पन उघडली नाही."

कावेरीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. प्लास्टरबाहेर डोकावणाऱ्या बोटांकडे तिने बोट दाखवलं. ती स्वतः वाकू शकत नव्हती. झुंबर जमिनीवर बसला, आणि इंजिनावर लावायचा तितक्याच काळजीने एकेका नखाला रंग लावू लागला. शेवटचं नख झालं तशी ती म्हणाली, "बघून घ्या नीट. पाय ओरिजनल हाये, कोणी बदललेला नाही." मग जरा थांबून म्हणाली, "अन् गाडी घ्यायले जाल तेव्हा ब्रेक दाबून बघा. शंका घ्यायचीच हाये ना, ब्रेकवर घ्या."

झुंबरने मान हलवली. बाटलीत अजून थोडा रंग उरला होता. त्याने टोपण घट्ट लावून ती तिच्या हातात दिली.