खुर्चीतले अक्रोड

जुन्या खुर्च्यांचं गादीकाम करणाऱ्या या गृहस्थाला सगळी गल्ली 'पक्कड' म्हणायची. तरुणपणी लाकडात रुतलेला खिळा तो दातांनी उपटायचा आणि बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली की छाती फुगवून हिंडायचा. साठी उलटली तरी ताठा उतरला नाही. दाढा मात्र एकेक करून सगळ्या गेल्या. पुढचे दात तेवढे दर्शनाला उरले, आणि हे त्यानं बायकोपासूनही लपवलं. मऊ तेवढंच खायचा आणि नाव पोटाचं सांगायचा.

मग रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज मूठभर अक्रोड-बदाम खा. तळलेले, खारवलेले नकोत. आणि बिस्किटांच्या जागी खा, बिस्किटं खाऊन वर नकोत. नेमानं खाल्लेत तर आकडा थोडा तरी खाली येईल."

बायकोचा भाऊ बसल्या खुर्चीत हृदय बंद पडून गेला होता. त्यामुळे तिनं हे बोलणं असं मनावर घेतलं की विचारू नका. रोज सकाळी अक्रोड फोडून, बदाम निवडून ती वाटी त्याच्या कामाच्या मेजावर ठेवायची. स्वतः एक दाणाही तोंडात टाकायची नाही.

"खाल्ले का हो?"

"कडाकडा फोडून खाल्ले!"

खोटं, साफ खोटं! तिची पाठ वळली की वाटीतलं सगळं समोरच्या खुर्चीच्या पोटात, कापसाखाली, आणि वरून कापड ठोकून हा मोकळा.

पुन्हा रक्त तपासलं. आकडा तसूभरही हलला नव्हता. "माझंच काहीतरी चुकतंय," बायको रडवेली होऊन म्हणाली आणि तिनं घरातलं लोणी बंद केलं, स्वतःचंसुद्धा. समोर बसून ती कोरडे घास गिळायची, तेव्हा पक्कडला स्वतःची किळस यायची. खरं ओठांपर्यंत यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं.

एक दिवस शाळेतल्या मोठ्या बाईंची खुर्ची परत आली. "हिच्यात उंदीर शिरलेत," बाई म्हणाल्या. "आत भरलंयत तरी काय?"

पक्कड दुसऱ्या खुर्चीवर वाकलेला. हात मोकळे राहावेत म्हणून या धंद्यात बारीक खिळे ओठांत धरतात, त्यामुळे "थांब" म्हणायलाही तोंड रिकामं नव्हतं. बायकोनं कात्रीनं कापड उसवलं. अक्रोड-बदाम भसाभसा फरशीवर सांडले. काही कुरतडलेले, बाकी तिनं फोडले होते तसेच. बाई अवघडून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

बायकोनं एक न कुरतडलेला अक्रोड उचलून बोटांत दाबून पाहिला. मग म्हणाली, "अहो, खिळे काढा तोंडातले."

त्यानं काढले.

"आता आ करा."

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. त्यानं डोळे मिटून तोंड उघडलं. तिनं त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि नीट आत पाहिलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मी कुटून दिले असते."

दुसऱ्या दिवशी मेजावर वाटी आली, बारीक कुटाची, सोबत चमचा. 'खाल्ले का हो' हे मात्र तिनं विचारलं नाही. ती वाटी ठेवून तशीच आत निघून गेली. पक्कड वाटी घेऊन तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला आणि तिच्यासमोर उभा राहून, खाली मान घालून, वाटी रिकामी होईपर्यंत खात राहिला.