शालनवहिनींचे आठ सेकंद

फोन वॉर्डातल्या टेबलावर आला. पलीकडे गौरी होती, मधूची मुलगी. "काका, बाबा इज नो मोअर," एवढं म्हणाली आणि मग तिला पुढचं मराठीही सुचेना आणि इंग्रजीही. मिरजेला, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही म्हणे. गेल्या वर्षी कुवेत कायमचं सोडून तो निघाला तेव्हा विमानतळावर मी म्हटलं होतं, "पोचलास की पत्र टाक." त्यानं टाकलं नाही. मीही टाकलं नाही. त्याला लिहिण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती सहा वर्षांत माझ्या तोंडून निघाली नव्हती... रिसीव्हर ठेवला आणि पुढच्या पेशंटची पट्टी बदलायला गेलो. दुसरं काय करणार?

मधू आमच्या दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन, मी ड्रेसिंगच्या खोलीत. कुवेतमध्येच, सालमियाला एकाच इमारतीत वर-खाली राहायचो. माझी एक खोड त्याच्या थट्टेचा कायमचा विषय होती. चपलेचा अंगठा तुटो, रेडिओचं झाकण निसटो, मी दवाखान्यातली कापडी चिकटपट्टी लावायचो. आणि पट्टी कापली की तिचे चारही कोपरे कात्रीनं गोल करायचो. शिकत असताना आमच्या सिस्टरनी ती सवय अंगात मुरवली होती. टोकदार कोपरा उचकटतो, गोल कोपरा सुटत नाही. "दत्तोपंत, तुमचा संसार चिकटपट्टीवर उभा आहे," असं मधू म्हणायचा. शालनवहिनी, म्हणजे त्याची बायको, माझी बाजू घ्यायच्या. "भाऊजी आहेत म्हणून तुमचं घर शाबूत आहे," म्हणायच्या.

शहात्तर-सत्याहत्तर साल असावं. एका शुक्रवारी आम्ही दोन्ही कुटुंबं फैलका बेटावर गेलो होतो. कुवेतच्या खाडीच्या तोंडाशी आडवं पडलेलं हे बेट, सालमियाच्या धक्क्यावरून लाँचनं तास-दीड तास लागायचा. लोक तिथं जुने ग्रीक अवशेष बघायला जात, आम्ही डबे खायला. त्या दिवशी धक्क्यावर कुठल्याशा अरबी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. लाँचमधून उतरणारी खरीखुरी माणसं त्यांना हवीच होती, म्हणून आम्हाला कुणी अडवलं नाही. वहिनी पुढं, हातात चार पुडांचा डबा. धक्का संपून पांढरी भिंत सुरू होते तिथं थांबल्या, वळल्या, उन्हासाठी कपाळावर हात धरला आणि मागं रेंगाळलेल्या मधूला हसल्या. बस, एवढंच.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांत वहिनी गेल्या. पोटाचा आजार, आणि कळला तेव्हा फार उशीर झाला होता. एक्स-रे मधूनंच काढला होता. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

पुढं कधीतरी तो सिनेमा टीव्हीवर लागणार असल्याचं आमच्या रिसेप्शनवरच्या कुवेती माणसानं सांगितलं, आणि मधूनं तो कॅसेटवर उतरवून घेतला. सिनेमाच्या सुरुवातीलाच लाँच धक्क्याला लागते, माणसं उतरतात आणि त्यात वहिनी. आठ सेकंद. मधूनं घड्याळ लावून मोजले होते. फोटो होते घरात, पण चालणारी, वळणारी, हसणारी शालन एवढीच. गौरी तेव्हा लहान होती. तिला आई दाखवायची तर तो ती कॅसेट लावायचा.

त्या कॅसेटवर त्यानं काही लिहिलं नव्हतं. त्याला गरजच नव्हती. मात्र तिची मागची प्लास्टिकची खुंटी त्यानं मोडून ठेवली होती. खुंटी मोडली की कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की होतं, हे आखातात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आम्ही सगळेच तसं करायचो.

गौरीला आजीकडे पोचवायला मधू दोन महिने देशात गेला आणि घराची चावी माझ्याकडे ठेवली. एका गुरुवारी आमच्याकडे जेवायला माणसं होती, कुणीतरी नवा हिंदी सिनेमा आणला होता आणि कोरी कॅसेट नव्हती. मी वर जाऊन मधूच्या फळीवरून एक बिननावाची उचलली. आत काय आहे ते बघितलं नाही. बघितलं नाही, हे मी आज सहा वर्षांनी लिहितोय. पट्टी लावली, दोन व्हीसीआर जोडले आणि वहिनींना पुसून टाकलं. कळलं ते दुसऱ्या दिवशी, हिंदी सिनेमा संपल्यावर मागं शिल्लक राहिलेला फैलकाचा किनारा दिसला तेव्हा. कॅसेट गुपचूप जागेवर नेऊन ठेवली.

मधू आला त्याच संध्याकाळी खाली आमच्या दारात उभा राहिला. "दत्ता, शालन पुसली गेली रे," म्हणाला. मी म्हणालो, "चावी तिघाचौघांकडे फिरत होती, कुणी काय केलं कोण जाणे." इतकं सरळ तोंडानं बोललो की माझं मलाच नवल वाटलं. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "असेल. चहा टाक."

त्यानंतर पाच वर्षं, उन्हाळ्याचे महिने सोडले तर जवळजवळ दर शुक्रवारी, तो मला घेऊन फैलकाला जायचा. कॅसेटच्या शेपटीत उरलेल्या दृश्यांवरून त्यानं सिनेमाच्या सगळ्या जागा शोधल्या... तो किनारा, ते बोराचं झाड, ती मोडकी होडी. सगळ्यात शेवटी धक्का. कॅमेरा होता त्या जागी तो उभा राहायचा आणि माझ्या हातात डबा द्यायचा. तोच, चार पुडांचा. "चाल," म्हणायचा. "सावकाश. ती तुझ्यासारखी पळत नव्हती. आता थांब. वळ. हात कपाळावर." मी चालायचो, वळायचो, हात धरायचो. लाँचमधली माणसं हसायची. एवढा बाप्या माणूस, डबा घेऊन बाईसारखा वळतोय... मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि तरी मी एकही शुक्रवार चुकवला नाही. दर वेळी ठरवून जायचो, आज परतीच्या लाँचमध्ये सांगायचं. दर वेळी शेंगदाणे खात परत यायचो.

मग एके दिवशी माझा हात कपाळावर असतानाच तो कॅमेऱ्याच्या जागेवरून निघाला. जवळ येऊन म्हणाला, "दत्ता, उजवा होता की डावा?"

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी म्हणालो, "डावा."

"डावा," तो म्हणाला, आणि धक्क्यावरच खाली बसला. त्याला पटलं नव्हतं. पण आता ताडून बघायला जगात काही उरलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मी त्याच्या शेजारी बसलो, आणि तेव्हाही बोललो नाही. त्यानंतर आम्ही फैलकाला गेलो नाही.

गौरीच्या फोनला आता दीड महिना झाला. मागच्या आठवड्यात इथलाच, जहरा गावचा एक ओळखीचा माणूस सुट्टीवरून आला, त्याच्याबरोबर तिनं पुडकं पाठवलं. वर इंग्रजीत एक ओळ, 'बाबांनी ही दत्ताकाकांना द्यायला सांगितली होती.' आत कॅसेट. तिच्यावर अजून काही लिहिलेलं नाही. मागं बघितलं, खुंटीचं भोक उघडं होतं, पट्टी काढलेली. मग कॅसेटच्या रिकाम्या डबीत बघितलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, अगदी मधोमध, त्यानं ती नीट लावून ठेवली होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा, चारही कोपरे गोल.

म्हणजे दारात उभा राहून तो माझ्याकडे बघत होता तेव्हाच त्याला कळलेलं होतं. पाच वर्षं तो मला चालवत होता ते शिक्षा म्हणून, की मी कधीतरी बोलेन म्हणून, की त्या भिंतीपाशी त्याला दुसरं कुणी नको होतं म्हणून, कुणाला विचारू? माझी बायको कुंदा म्हणाली, "टाका ती डबी कपाटात, किती वेळ बघणार आहात?" मी बोटाच्या नखानं पट्टीचा कोपरा उचकटून बघितला. निघत नाही.